पंखा बदलूनही परत घरघर : एसएमपीएसचा आवाज कुठून आणि का येतो

दिवाळीत एसएमपीएसचा, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या डब्याचा, पंखा बदलला, होळीपर्यंत परत घरघर. मग अख्खा एसएमपीएस बदलला, तर पावसाळ्यात त्याचीही कुरकुर सुरू. सेवा केंद्र असो, ग्रामपंचायतीचं ऑफिस असो, की शाळेतला एकुलता एक चालू कम्प्युटर, आमच्या यवतमाळ-वर्धा पट्ट्यात ही तक्रार फिरून फिरून येते. "भाऊ, सप्लाय लय आवाज करून राह्यला," एवढ्यावरून फोनवर काहीच सांगता येत नाही. म्हणून मी उलट विचारतो, "कधी करते?"

आवाज कसा आहे हे जो तो आपापल्या कानानं सांगतो. एकाची घरघर ती दुसऱ्याची भुणभुण. पण सकाळी चालू केल्याबरोबर येतो, अर्ध्या तासानं येतो, इन्व्हर्टरवर गेल्यावर येतो, की कम्प्युटर बंद असतानाही येतो, हे कोणीही नेमकं सांगू शकतं. निदानाचं निम्मं काम तिथंच होतं. बाकीचं निम्मं करायला पेचकस, एक साधं मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो.

आधी आवाज सप्लायचाच आहे का?

बऱ्याचदा नसतो. प्रोसेसरवरचा पंखा, कॅबिनेटचा मागचा पंखा आणि जुनी हार्ड डिस्क हे तिघंही एसएमपीएसच्या वीतभर अंतरात बसलेले असतात, आणि पातळ पत्र्याचं कॅबिनेट सगळ्यांचा आवाज एकत्र करून बाहेर टाकतं. त्यात टेबलाखाली स्टॅबिलायझर, बाजूला यूपीएस, खिडकीत कूलर. स्टॅबिलायझरची रिले लाइन खालीवर झाली की टक-टक करते, आणि तो दोष कम्प्युटरच्या माथी लागतो.

ठिबकच्या नळीचा हातभर कोरडा तुकडा घ्या. एक टोक कानाला, दुसरं कॅबिनेटच्या मागं एकेका पंख्याजवळ. जिथं आवाज एकदम मोठा होतो ती जागा. मात्र नळी पंख्याच्या जाळीत घुसवू नका, आणि कॅबिनेट उघडं असताना धातूची काडी वापरू नका. प्रोसेसरचा पंखा तपासायचा असेल तर त्याच्या मधल्या गोल भागावर पेन्सिलचा रबर क्षणभर टेकवावा. पंखा थांबल्यावर आवाजही थांबला तर चोर सापडला. एसएमपीएसच्या पंख्यावर हा प्रयोग करायचा नाही, कारण त्या जाळीच्या आत तीनशे व्होल्टच्या वरचा माल असतो.

तरी शंका राहिली तर सप्लाय एकटा चालवून बघावा. पिन काढून मदरबोर्ड, हार्ड डिस्क सगळ्यांच्या वायरी सोडवा. एखादा जुना सीडी ड्राइव्ह तेवढा लावून ठेवा. हलक्या प्रतीचे एसएमपीएस अजिबात लोड नसताना नीट चालत नाहीत आणि भलताच आवाज करतात. मग मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर वाकवलेल्या यू-पिननं जोडा, विजेची पिन परत लावा आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबा. एसएमपीएस सुरू होतो. हिरव्या वायरीवर पाचच व्होल्ट असतात, त्यामुळे झटक्याची भीती नाही. काही नव्या मॉडेलांत सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथं अंदाजानं यू-पिन खुपसायची नाही. एकटा असतानाही तोच आवाज आला तर दोष सप्लायमध्येच. एकटा शांत आणि कम्प्युटरला जोडल्यावर ओरडतो, तर दोष लोडशी जोडलेला आहे. त्याकडे पुढं येतो.

कधी येतो, यावरून

थंडीच्या दिवसांत सकाळी चालू केल्यावर खरखर येते आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप जिरते, तर पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलं आहे. हलक्या पंख्यांत बेअरिंग म्हणजे नुसती एक तेल प्यालेली बाही असते. उन्हाळ्यात तेल उडतं, उरलेलं घट्ट होतं, आणि डिसेंबरच्या सकाळी दांडा त्या चिकट तेलात अडखळतो. गरम झाल्यावर सुटतो. लोक म्हणतात, "आपोआप बरा होते ना, राहू द्या." पण ज्या पंख्याला सुटायला आज पाच मिनिटं लागतात तो एखाद्या दिवशी सुटणारच नाही, आणि पंखा थांबलेला एसएमपीएस फार काळ टिकत नाही. याची अजून एक खूण आहे. उभं कॅबिनेट आडवं केलं आणि आवाज बदलला किंवा गेला, तर बेअरिंगच.

इथं पंख्याच्या बसण्याच्या तऱ्हेचाही संबंध येतो. जुन्या एसएमपीएसला मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा पंखा असतो, त्याचा दांडा आडवा. नव्यांत पोटाला १२० मिलिमीटरचा मोठा पंखा असतो, दांडा उभा. बाहीवाल्या बेअरिंगला उभा दांडा सोसत नाही. वजन एका टोकावर येतं आणि तेल खाली गळतं. मोठा पंखा हळू फिरतो म्हणून सुरुवातीला शांत वाटतो, पण त्यात साधी बाही असेल तर तो लवकर बोलायला लागतो. बदलताना बॉल बेअरिंगचा मागावा. किंचित महाग पडतो, उष्णतेत टिकतो.

सुरुवातीला शांत, पण अर्ध्या-पाऊण तासानं वाऱ्यासारखा सूं आवाज चढत जातो, आणि दुपारी जास्त, रात्री कमी? मग पंखा चांगला आहे. तो आपलं काम करतो आहे. आत उष्णता मोजणारा एक छोटा थर्मिस्टर असतो. आत तापलं की पंख्याचा वेग वाढवतो. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ अंश असतं, टिनाच्या खोलीत कमी नसतं, आणि पंखा आत ओढतो तीच हवा. तिच्यानं थंड काय होणार? अशा वेळी पंखा बदलला तर नवा पंखाही तसाच ओरडेल. इथं इलाज साफसफाई आणि जागा बदलणं हा आहे.

प्रिंट सोडली की घूं करतो, बल्ब डोळा मारतो, मग शांत. सेवा केंद्रातली ही नेहमीची तक्रार. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीनचा हीटर गरम होताना एकदम भरपूर करंट ओढतो, त्याच बोर्डावर कम्प्युटर असेल तर त्याचं व्होल्टेज क्षणभर पडतं. एसएमपीएसला मात्र तेवढेच वॉट द्यायचे असतात, म्हणून व्होल्टेज कमी झालं की तो लाइनमधून करंट जास्त ओढतो. त्यातून आतली कॉइल गुरगुरते. प्रिंटरला वेगळा पॉइंट, वेगळी वायर. तो इन्व्हर्टरवर तर लावायचाच नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर संध्याकाळी होतं. ज्या गावात गावठाण आणि शेतीची लाइन एकाच डीपीवर आहे तिथं मोटारपंप सुरू झाले की लाइन डिम होते. डीपीपासून शेवटच्या खांबावरच्या घरात १७०-१८० व्होल्टही दिसतात. करंट वाढतो, आतले भाग जास्त तापतात, पंखा चढतो. पंप बंद झाले की उतरतो. मल्टिमीटर एसीच्या साडेसातशे किंवा सहाशेच्या घरावर ठेवून सकाळ, दुपार, रात्र बोर्डावरचं व्होल्टेज वहीत लिहून ठेवा, शेजारी आवाज होता की नाही तेही लिहा. चार दिवसांत चित्र स्पष्ट होतं. व्होल्टेज आणि आवाज एकत्र चालत असतील तर एसएमपीएस उघडण्यात अर्थ नाही. चांगला स्टॅबिलायझर किंवा लाइन सांभाळणारा यूपीएस बघा आणि महावितरणकडे लेखी तक्रार द्या.

लाइन गेली, इन्व्हर्टर लागला, आणि एसएमपीएस भुंग्यासारखा भुणभुणायला लागला. लाइन आली की गप्प. हा इन्व्हर्टरच्या लहरीचा दोष. घरगुती स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात, महावितरणची लहर गोलाईची असते. चौकोनी लहरीच्या धारदार कडांनी ट्रान्सफॉर्मर आणि चोक थरथरतात. काही एसएमपीएसमध्ये वरच्या झाकणाला लोखंडी पट्ट्यांचा एक वजनदार चोक बसवलेला असतो, तो तर लाइनवरही हलका हूं करतो. त्याचे स्क्रू ढिले झाले असतील तर आवाज कॅबिनेटभर घुमतो. स्क्रू आवळले की निम्मा कमी होतो. ज्या एसएमपीएसवर ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट एकसारखा ओढायची सोय) लिहिलेलं असतं ते चौकोनी लहरीवर नुसते भुणभुणत नाहीत, कधी कधी सरळ बंद पडतात किंवा कम्प्युटर रिस्टार्ट होतो. त्यांना साइन वेव्ह, म्हणजे गोलाईच्या लहरीचा, इन्व्हर्टरच लागतो.

कम्प्युटर बंद, पण बोर्डाचं बटण चालू, आणि तरी बारीक चीं येते. घाबरण्यासारखं बहुतेक नसतं. एसएमपीएसचा एक छोटा भाग बटण दाबायची वाट बघत कायम जागा असतो, पाच व्होल्टचा स्टँडबाय. लोड नगण्य असल्यामुळे तो थांबत थांबत चालतो, आणि ते थांबणं-चालणं कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यात आलं की शीळ वाजते. पण चींच्या ऐवजी टिक… टिक… टिक असा ठेका येत असेल आणि कम्प्युटर सुरूच होत नसेल, तर तो भाग सुरू व्हायचा प्रयत्न करून परत परत बंद होतो आहे. मदरबोर्डची वायर काढून बघा. टिकटिक थांबली तर मदरबोर्डवर कुठंतरी शॉर्ट आहे; चालूच राहिली तर एसएमपीएसमधला कपॅसिटर (वीज साठवणारी डबी) किंवा डायोड गेला. सुरू होऊ न शकणारा एसएमपीएस अशा अवस्थेत रात्रभर तसाच सोडू नका.

स्क्रीनवर काही हललं, व्हिडिओ लावला, मोठी पीडीएफ सरकवली की किर्र, थांबलं की शांत. ही कॉइलची शीळ. करंट बदलला की वेटोळी कंप पावतात. एसएमपीएसमध्ये असते तशी ती मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डातही असते, म्हणून नळी लावून जागा पक्की करा. यानं बिघाड होत नाही, फक्त डोकं उठतं.

राहिली फटफट किंवा टरटर, जी ठराविक ठेक्यात येते. पंख्याच्या पात्याला काहीतरी लागतं आहे. मागच्या दुरुस्तीत नीट न बांधलेली वायर, पिसाचा तुकडा, कापसाचा गोळा, कधी पालीचं शेपूट. कॅबिनेटच्या मागच्या पट्ट्या काढून ठेवायची खोड बऱ्याच जणांना असते, "हवा लागते" म्हणून. त्या फटीतून उंदीर आत जातो, आणि एसएमपीएसच्या उबेला घर करतो. फट पुठ्ठ्यानं बुजवू नका, तो पुठ्ठा कुरतडून त्याचंच घरटं करेल. पत्र्याची पट्टी लावा.

हे ऐकू आलं तर पिन काढा

चर्र-चर्र किंवा ठिणगीसारखी कडकड. फट् असा एकच आवाज आणि मागोमाग जळक्या मासळीसारखा वास. फुसफुस. यात तपासणी नाही, बटण बंद, पिन बाहेर. चर्र हा आवाज बहुतेक ओल आणि धूळ मिळून झालेल्या वाटेवरून वीज उडी मारते त्याचा असतो. पावसाळ्यात, आणि कूलरसमोर ठेवलेल्या कम्प्युटरमध्ये तो सापडतो.

जुन्या एसएमपीएसच्या मागं लाल रंगाचं एक सरकतं बटण असतं, ११५ आणि २३० लिहिलेलं. ते आपल्याकडे कायम २३० वर. शाळेतल्या पोरांना ते सरकवायची भारी हौस. ११५ वर करून चालू केलं की गोळी सुटल्यासारखा आवाज येतो आणि तो एसएमपीएस संपतो. चिकटपट्टी लावून टाका.

उघडायचा असेल तर

वॉरंटीत असेल तर उघडू नये. विजेच्या कामाचा हात नसेल तरी उघडू नये. बाहेरून ब्रश मारणं आणि जागा बदलणं एवढ्यानंही बराच फरक पडतो.

२३० व्होल्ट आत गेले की त्यांचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. पिन काढल्यावरही ते तिथं असतात. चालू एसएमपीएसमध्ये काही मिनिटांत उतरतात, पण मेलेल्या एसएमपीएसमध्ये उतरवणारं कोणी नसतं, तिथं तासानंतरही झटका बसू शकतो. म्हणून पिन काढा, कम्प्युटरचं बटण काही वेळ दाबून धरा, दहा मिनिटं थांबा, झाकण काढा, आणि काहीही शिवण्याआधी मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांमध्ये मल्टिमीटर लावून डीसी व्होल्टेज बघा. दोन आकडी किंवा जास्त शिल्लक असेल तर होल्डरमधल्या जुन्या, तारेच्या बल्बच्या दोन वायरी लावून उतरवा. पेचकसानं शॉर्ट करून ठिणगी काढणारे कारागीर बरेच आहेत. त्यात कपॅसिटर खराब होतो, पेचकसाचं टोक जातं आणि डोळ्याचाही नेम नाही. आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनाही हात लावू नका. काहींवर उच्च दाबाची वीज असते. झाकण उघडं ठेवून चालू तर कधीच करायचा नाही.

धूळ काढताना पात्याला बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या झोतानं पंखा मोकळा फिरला तर बेफाम वेगानं फिरतो आणि बेअरिंगचं उरलंसुरलं आयुष्य तिथंच संपतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर टाळा, टाकीत साचलेलं पाणी हवेसोबत बाहेर येतं. कोरडा रंगाचा ब्रश आणि साधा हातब्लोअर बास. कापूस पट्ट्यात धूळ सुटी नसतेच, रुईचा नमदा झालेला असतो. तो चिमट्यानं उचलावा, ब्रशनं आत ढकलू नये.

पंखा काढल्यावर मागचा कागदी स्टिकर अर्धा उचला, खाली रबराची टोपी असेल तर काढा, शिवणयंत्राचं तेल एक-दोन थेंब. जास्त घातलं तर बाहेर येऊन धूळ धरतं. स्टिकर परत चिकटत नसेल तर जागा कोरडी पुसून चिकटपट्टी लावा, उघडं ठेवलं तर तेल महिनाभरात उडतं. खोबरेल तेल घालू नका. ते थंडीत गोठतं, हे सांगायला कम्प्युटरवाला लागत नाही. गंजावर मारायचा स्प्रेही नको. तो बेअरिंग धुऊन काढतो आणि उडून जातो. दोन दिवस आवाज बंद, मग आधीपेक्षा जास्त. खरं सांगायचं तर तेल घालणं हा पंखा येईपर्यंतचा उपाय आहे. बाही एकदा झिजली की दांड्याला खेळ येतो, आणि तेलानं लोखंड परत येत नाही. पातं धरून हळू हलवून बघा. कडकड डोलत असेल तर पंखा बदला.

नव्या पंख्याचं माप जुन्यावरून घ्या: ८० किंवा १२० मिलिमीटर, जाडी बहुतेक २५, व्होल्ट १२, आणि स्टिकरवरचा अँपिअरचा आकडा जुन्याच्या जवळचा. इथं दोन घोळ होतात, आणि "पंखा बदलूनही आवाज" या तक्रारीचा मोठा हिस्सा त्यांचाच असतो. एक, कारागीर नव्या पंख्याची वायर थर्मिस्टरच्या कनेक्टरला न लावता सरळ १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीला जोडतो. पंखा कायम पूर्ण वेगानं धावतो, आवाज दुप्पट. दोन, "सायलेंट" म्हणून कमी अँपिअरचा मंद पंखा लावला जातो. आवाज खरंच जातो, गिऱ्हाईक खूश होतं. आत मात्र कपॅसिटर शिजत असतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फट्. मला विचाराल तर हा दुसरा जास्त वाईट, कारण कोणाला कळत नाही. हवेची दिशाही बघा. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो; नसेल तर स्टिकरची बाजू ती हवा बाहेर फेकणारी. उलटा बसवला तर सप्लाय आतलीच गरम हवा घोळवत बसतो.

झाकण उघडलंच आहे तर कपॅसिटरची डोकी बघा. सपाट हवीत. फुगलेलं, फाटलेलं, किंवा बुडाशी तपकिरी ओघळ असलेला कपॅसिटर गेला. बदली तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) आणि १०५ अंशांचा घ्या. ८५ वाला स्वस्तात मिळतो, पण दर १० अंशांनी कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं हा हिशेब आपल्या उन्हाळ्यात जड जातो. पांढरा पट्टा उणे बाजूचा, तो उलटा बसला तर चालू करताच फुटतो.

सगळं बसवून झालं की कम्प्युटर चालू असताना ड्राइव्हच्या मोकळ्या कनेक्टरवर मोजा. पिवळ्या-काळ्यात ११.४ ते १२.६, लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५. या चौकटीबाहेर असेल तर आवाज गेला तरी एसएमपीएस ठेवू नका. आणि चौकटीत असला म्हणजे निर्दोष असंही नाही, कारण डीसीवर बसलेली बारीक लहर साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट ही तिची मर्यादा, पण ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. आपल्याकडे ती लक्षणांवरून ओळखायची: माउस मधेच सुटतो, कारण नसताना रिस्टार्ट होतो, स्पीकरमध्ये सतत खसखस.

परत का येतो

सोयाबीन निघालं की रस्त्यावर थ्रेशर, आणि कुटाराची पावडर घराघरांत. मग कापूस, जिनिंगच्या आसपासच्या वस्तीत हवेतच रुई. फेब्रुवारी-मार्चला हरभरा, तूर, गहू. शेजारी पिठाची चक्की असेल तर बाराही महिने. पुण्यातल्या बंद एसी खोलीतला पंखा पाच वर्षं चालतो म्हणून आपल्याकडचा तितका चालावा ही अपेक्षाच चूक आहे. सोयाबीननंतर एकदा आणि मार्च सरता सरता, ऊन तापायच्या आत, एकदा कॅबिनेट उघडून साफ करायचं. जिनिंगजवळ असाल तर मागची जाळी बाहेरून महिन्याला ब्रशनं झाडायची.

कॅबिनेट भिंतीला टेकवू नका, मागं वीतभर जागा ठेवा. जमिनीवर ठेवू नका, निदान पाटावर तरी ठेवा. ज्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली बसतो त्यांना हे जास्त लागू. आणि ते भरतकामाचं कव्हर! कम्प्युटर चालू असताना मागून अर्धं लोंबलेलं कव्हर मी जितक्या ऑफिसांत पाहिलं तितकी धूळ नाही पाहिली. बंद केल्यावर घाला, चालू करताना काढा.

कूलरचं वेगळं. खोली थंड होते हे खरं, पण खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर हवा ओली होते, आणि ओली धूळ आत चिखलासारखी चिकटते. ती ब्लोअरनं निघत नाही. कम्प्युटर कूलरच्या थेट झोतात नको, आणि समोरची खिडकी उघडी हवी.

झिणझिण्या आणि स्पीकरची घुंई

स्पीकरमधून सतत घुंई येते, हेडफोन लावला की कानात, आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. पंख्याचा काही संबंध नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी लाइनचा कचरा गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, ते तो कचरा अर्थिंगला सोडतात. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट अधांतरी राहतं आणि त्यावर लाइनच्या निम्मे, शंभरएक व्होल्ट मीटरवर दिसतात. करंट अगदी कमी असतो, म्हणून मरत नाही, पण पाय ओले असले की चांगलाच बसतो.

आधी पिन बघा. थ्री पिनची जाड पिन कापून टू पिनच्या बोर्डात घुसवलेली नसेल तर नशीब. मग बोर्डावर मोजा. फेज ते न्यूट्रल जितके तितकेच फेज ते अर्थिंग दिसायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-चार व्होल्टच्या आत. तिथं तीस-चाळीस दिसत असतील तर अर्थिंग गेलेलं आहे. उलट आकडा बरोबर आला तरी पूर्ण भरवसा नाही, कारण मीटर फारच थोडा करंट घेतो आणि कमजोर अर्थिंगही त्याला चांगलं वाटतं. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघायची पद्धत गावात आहे. करू नका. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या क्षणी घरातलं फ्रिज, कूलर, मोटार, सगळ्यांचं अंग फेजवर येतं. वायरमनकडून अर्थिंग मोजायच्या मीटरनं मोजून घ्या.

आपल्या काळ्या मातीत एक जास्तीची अडचण आहे. पावसाळ्यात ती ओल धरते, अर्थिंग उत्तम. एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पडतात, माती पट्टीपासून सुटते, आणि मीठ-कोळसा घालून केलेला खड्डाही कोरडा पडतो. म्हणून घुंई उन्हाळ्यात येते आणि पहिल्या दोन पावसांत जाते, अन् लोक समजतात एसएमपीएस सुधारला. खड्ड्यात उन्हाळाभर दर आठ-दहा दिवसांनी दोन बादल्या पाणी टाकत जा.

नवा घेताना

पंखा बदलून, साफ करून, व्होल्टेज बघूनही जमत नसेल, किंवा कपॅसिटर दुसऱ्यांदा फुगले असतील, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. दुकानात हातात घेऊन बघा. ४५० वॉट लिहिलेला आणि उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, त्यात तेवढे वॉट नसतात. स्टिकरवर १२ व्होल्टचे अँपिअर किती लिहिलेत ते वाचा. १२ नं गुणलं की साधारण खरा आकडा कळतो. चांगला कारखाना आपले वॉट ४० किंवा ५० अंशांवर मोजून सांगतो आणि तसं छापतो. जिथं काहीच छापलेलं नाही तिथला आकडा आपल्या मे महिन्यासाठी नाही असं धरा. ऑफिसच्या साध्या कम्प्युटरला मोठ्या वॉटची गरज नसते. त्याच पैशात कमी वॉटचा पण नीट बनवलेला घ्या, बॉल बेअरिंगचा पंखा विचारा, आणि घरी चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीवाला घेण्याआधी तो त्याच इन्व्हर्टरवर चालवून दाखवायला सांगा. नाही चालला तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी ठरवा.